तारखेची जागा

मेहेर सिग्नलच्या अलीकडे, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल आहे. एकतीस वर्षं.
बक्षीसपत्रं, भाडेकरार, नावात बदल.
मी वाचत नाही. बोटं वाचतात.

पण तो करार बोटांना अडला.
'मुष्टियोद्धा' हा शब्द त्यांनी कधी मारला नव्हता.
मान वर केली, तर समोर
आम्रपाली गांगुर्डे, सातपूरची,
दप्तराच्या बंदाला लटकवलेले ग्लोव्ह्ज,
आणि शेजारी सोनजे, प्रमोटर,
ज्याने गंगापूर रोडच्या एका लॉनवर रिंग उभी केली होती
आदल्या दिवशीच्या लग्नाची कमानही न काढता.

लिहा काका, म्हणाला, आणि सांगत गेला.
पाच वर्षं फक्त याच बॅनरखाली.
करार संपल्यावरही दोन वर्षं दुसरीकडे उतरायचं नाही.
लढत कोणाशी, कुठे, कधी, ते प्रमोटर ठरवणार.
बक्षिसातून जाणार प्रवास, कोच, पोस्टर,
उरेल त्यातलं निम्मं.
दुखापतीत घरी बसलेले दिवस
मुदतीत धरले जाणार नाहीत.

हे मी पुन्हा विचारलं.
धरले जाणार नाहीत, म्हणाला.
म्हणजे पोरीची बरगडी मोडली तर करार लांबणार.
टाइप केलं.

तंटा झाल्यास लवाद, प्रमोटर नेमेल तो.
लवाद म्हणजे? तिने विचारलं.
पंच गं, पंच.
ती हसली. पंच तिला ठाऊक होते:
दोघींच्या मध्ये उभे राहतात
आणि वेळेवर 'थांब' म्हणतात.

तारीख?
राहू द्या मोकळी. स्पॉन्सर आला की भरू.
पन्नासची नोट जादा ठेवली.
मी 'दिनांक' मारलं आणि पुढे ठिपके.
अकरा.

आज अ‍ॅडव्होकेट क्षेमकल्याणी मॅडम झेरॉक्स घेऊन आल्या.
ठिपक्यांवर निळ्या शाईत तारीख बसलेली,
पोरीच्या अठराव्या वाढदिवसानंतरचा चौथा दिवस.
सही केली तेव्हा ती सतरा वर्षं आठ महिन्यांची होती, मॅडम म्हणाल्या,
आणि अज्ञान व्यक्तीचा करार जन्मालाच येत नाही.

कायद्यात अज्ञान म्हणजे अठरा न भरलेला.
मी सत्तावन्नचा.

नंतरच्या दोन वर्षांची बंदी?
कलम सत्तावीसपुढे टिकायची नाही.
पण टिकत नाही हे ठरायलाच तीन वर्षं जातील,
आणि बॉक्सरची तीन वर्षं
वकिलाच्या तीन वर्षांसारखी नसतात.
तारखेवर मात्र लवकर तुटेल.
स्टॅम्प आधी घेऊन ठेवला होता, असं तो म्हणेलच.
तुमची वही असते ना?

आम्रपाली मागे उभी होती,
डावं मनगट बांधलेलं.
तीन लढती जिंकली, हातात आले बेचाळीसशे
आणि पोस्टरचं बिल.
काका, म्हणाली, तुम्ही दुखापतीचं दोनदा विचारलं होतंत.
मला वाटलं,
तुम्हाला ऐकू कमी येतं.

वही असते.
वहीत मी जागा मोकळी सोडत नाही.
ट्रंकेतून काढली, थुंकी लावून पानं उलटली,
आणि माझ्याच अक्षरात, बॉलपेनने, तारखेसकट:
गांगुर्डे-सोनजे. करार. पाने चार.
दोनशे चाळीस. अधिक पन्नास, तारीख मोकळी.

मॅडमचं बोट त्या पन्नासवर येऊन थांबलं.
वर पाहिलं नाही त्यांनी.
या पानाची प्रत लागेल, एवढंच म्हणाल्या,
आणि तुम्हीही लागाल.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी
नावातली वेलांटी बदलून घेत होतं.
आम्रपाली वही छातीशी धरून
झेरॉक्सच्या दुकानाकडे निघालीसुद्धा,
उजव्या हातात सुटे पैसे.